अब्बांच्या पेटीतले कागद

गेल्या महिन्यात माझ्या एका माजी विद्यार्थिनीचे वडील घरी आले. मुलीचं लग्न इंग्लंडमधल्या मुलाशी ठरलंय. म्हणाले, "बाई, तुमच्या बहिणीचं सगळं तुम्हीच केलंत म्हणे. काय काय कागद लागतात तेवढं लिहून द्या." मी लिहायला बसले आणि यादी अर्ध्या पानात संपली. आम्हाला मात्र त्या अर्ध्या पानाला सात वर्षं लागली होती. यादीत जे मावलं नाही ते इथे लिहिते.

माझी धाकटी बहीण माझ्याहून आठ वर्षांनी लहान. तिचा निकाह डिसेंबर २०१७ मध्ये झाला. नवरा आमच्यासारखाच कोकणी मुसलमान, पण त्याचे आजोबा बोटीवर नोकरीला होते, ते तिकडेच राहिले. तो जन्मानेच ब्रिटिश. निकाहनंतर धाकटीच्या व्हिसासाठी अब्बांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तिच्यात त्यांनी घरातला प्रत्येक कागद जपला होता, आणि त्या प्रत्येक कागदावर आम्ही वेगळी माणसं होतो.

अब्बांच्या नावातला 'मोहम्मद' शाळेच्या दाखल्यावर 'महमद' होता, रेशनकार्डावर 'महंमद', आणि धाकटीच्या पासपोर्टावर नुसताच 'मोहद' आणि पुढे टिंब. अम्मीच्या नावापुढे कुठे 'बी' होतं, कुठे 'बानू'. आपल्याकडे हे कुणाला खटकत नाही, गावात सगळे ओळखतात. पण ज्या साहेबाने आपल्याला कधी पाहिलेलं नाही, त्याच्यासाठी स्पेलिंग हाच आपला चेहरा. तेव्हा ज्यांच्या घरात मुलं लहान आहेत त्यांना माझं एकच सांगणं: जन्मदाखला, शाळा, आधार आणि पासपोर्ट यांवर नाव एकाच स्पेलिंगने लावून घ्या. मोठ्यांचं नाव बदलायचं तर राजपत्रात छापून आणावं लागतं. आम्ही प्रतिज्ञापत्रांवर भागवलं आणि प्रत्येक वेळी धास्तावलो.

मग निकाहनामा. तो उर्दूत. ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी केली होती, तरी निकाहनामाही जोडायचं ठरलं. त्यासाठी इंग्रजी भाषांतर हवं होतं, आणि भाषांतर करणाऱ्याने 'हे अचूक आहे' असं लिहून, तारीख, नाव, सही आणि संपर्क द्यायचा असतो. उर्दू मी रोज शिकवते, पण मी पडले वधूची सख्खी बहीण. म्हणून शहरातल्या एका भाषांतरकाराकडे दिला. चार दिवसांनी कागद हातात आला तेव्हा मी तिथेच उभ्या उभ्या वाचला आणि घाम फुटला. मेहरच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं 'डाउरी'. म्हणजे हुंडा! मेहर मुलाने मुलीला द्यायची, तिच्या हक्काची रक्कम. तिला इंग्रजीत 'डॉवर' म्हणतात. दोन अक्षरांच्या फरकाने व्यवहार उलटा झाला होता. आपल्या १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यातसुद्धा मेहर म्हणजे हुंडा नव्हे असं स्पष्ट लिहिलेलं आहे.

आणि एवढ्यावर थांबलं नव्हतं. रकमेपुढे 'मुअज्जल' हा शब्द होता. उर्दूत असे दोन शब्द आहेत. एक ऐन घालून लिहितात, त्याचा अर्थ ताबडतोब द्यायचं. दुसरा हम्जा घालून लिहितात, त्याचा अर्थ पुढे कधीतरी द्यायचं. कानाला दोन्ही सारखेच, देवनागरीतही सारखेच. आमच्या निकाहनाम्यात ऐन होतं, मुलाने रक्कम निकाहच्या बैठकीतच दिली होती. भाषांतरकाराने हम्जा वाचला. म्हणजे तिकडचा अधिकारी वाचणार होता की या मुलीचा हुंडा ठरलाय आणि तो अजून द्यायचा बाकी आहे! मी त्या माणसाला फळ्यावर लिहावं तसं कागदाच्या पाठीमागे दोन्ही शब्द लिहून दाखवले. बिचाऱ्याने मुकाट्याने दुरुस्त करून दिलं. पुढच्या आठवड्यात मी नववीच्या वर्गात ऐन आणि हम्जा शिकवताना ही गोष्ट सांगितली. त्या दोन अक्षरांत एकाही मुलीची नंतर चूक झाली नाही.

बाकीचं त्या मानाने सरळ होतं. मुंबईला जाऊन क्षयरोगाची तपासणी, इंग्रजी ऐकण्या-बोलण्याची साधी परीक्षा, नवऱ्याचं वर्षाला किमान १८,६०० पौंड उत्पन्न असल्याचा पुरावा (२०२४ मध्ये ही अट २९,००० वर गेली, तेव्हा आमचं वेळेत झालं म्हणायचं). पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा मिळाला. जून २०१८ मध्ये ती गेली. त्यानंतर ३० महिन्यांची मुदतवाढ, पाच वर्षं भरली की कायमच्या वास्तव्याची परवानगी, मग नागरिकत्व. दर पायरीला नवा अर्ज, नवं शुल्क.

ती तिकडे पहिल्या पायरीवर असताना इकडे आम्हीच कागद शोधायला लागलो. ऑगस्ट २०१९ मध्ये आसामच्या नागरिक नोंदणीतून १९ लाखांहून जास्त माणसं बाहेर राहिली होती. डिसेंबरात नागरिकत्व दुरुस्ती कायदा आला. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना त्यात वाट होती, मुसलमानांना नव्हती. नोंदणी देशभर होणार असं बोललं जाऊ लागलं आणि २०२० च्या जानेवारीत गावोगाव जन्मदाखल्यांसाठी रांगा लागल्या. अब्बांनी पुन्हा पेटी उतरवली. पन्नाशीच्या दशकातला स्वतःचा शाळेचा दाखला, शेतसाऱ्याच्या पावत्या, सगळं ओसरीवर मांडलं. मी कायदा वाचायला घेतला तेव्हा कळलं की १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेला माणूस केवळ जन्माने नागरिक. त्यानंतर जन्मलेल्याला आई किंवा वडील भारतीय असल्याचं दाखवावं लागतं. मी १९८१ ची, धाकटी १९८९ ची. एकाच आईच्या पोटी, एकाच घरात जन्मलो, पण नागरिक वेगवेगळ्या नियमाने.

त्या रात्री धाकटीचा फोन आला, तिच्या पुढच्या अर्जाच्या कागदांबद्दल विचारत होती. अब्बा शेजारी बसून ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "तिला तिथं यादी तरी देतात. हे हे आण म्हणतात. आपल्याला कुठला कागद पुरेल, कोण सांगणार?" मी बाईपणाच्या सवयीने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मार्चमध्ये टाळेबंदी आली. ओसरीवरचे कागद पेटीत गेले ते गेलेच.

फेब्रुवारी २०२१ मध्ये धाकटीने मुदतवाढीचा अर्ज केला. त्या अर्जाचा एक नियम आहे, तो त्या मुलीच्या वडिलांना मी यादीत सगळ्यात वर लिहून दिला. अर्ज प्रलंबित असताना देशाबाहेर गेलात तर अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. एप्रिलमध्ये अब्बांना कोरोना झाला. दुसरी लाट, ऑक्सिजनसाठी वणवण, सगळ्यांनीच पाहिलंय. ती निघाली असती तर अर्ज गेला असता, आणि त्याच महिन्यात ब्रिटनने भारताला लाल यादीत टाकल्यामुळे परतीची वाटही अवघड झाली असती. सहाव्या दिवशी अब्बा गेले. जनाजा उठला तेव्हा माझ्या चुलतभावाने फोन हातात धरला होता. नेटवर्क गेलं की चित्र थांबायचं. ती नंतर म्हणाली, "आपा, मला अब्बा गेटपर्यंतच दिसले."

अर्ज जूनमध्ये मंजूर झाला. मला त्या देशाचा राग आला होता, तो पुष्कळ दिवस राहिला. खरं सांगायचं तर अजूनही थोडा आहे.

तिचा नव्हता. ती पुढच्या तयारीला लागली होती. कायमच्या वास्तव्यासाठी 'लाइफ इन द यूके' नावाची परीक्षा असते: २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर आले की पास. शुल्क ५० पौंड, नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा ५० पौंड भरून बसा. अभ्यासाला एक सरकारी पुस्तक आहे. १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई, आठव्या हेन्रीच्या सहा बायका, कुठल्या संताचा दिवस कुठल्या तारखेला. मी पुस्तक मागवून घेतलं आणि रोज इशानंतर व्हिडिओवर शिकवणी सुरू केली. शिक्षिका म्हणून माझं मत वाईट आहे. शेजाऱ्याशी कसं वागावं हे कळायला आठव्या हेन्रीच्या बायका पाठ असाव्या लागत नाहीत. आणि परीक्षेसाठी पाठ केलेला इतिहास परीक्षेबरोबरच जातो, हे माझ्या वर्गात मी दरवर्षी पाहते.

पण त्या पुस्तकात एक पान मला आवडलं. साके दीन महोमेत नावाचा माणूस, जन्म १७५९ चा, आपल्या बंगाल प्रांतातला. सैन्यात होता, ब्रिटनला गेला, १८१० मध्ये लंडनमध्ये त्याने हिंदुस्तानी जेवणाचं हॉटेल काढलं. तिकडच्या लोकांना डोक्याची चंपी करायला शिकवली ती त्यानेच. 'शाम्पू' हा शब्द चंपीवरूनच आलाय. ते पान धाकटीला एकदाच वाचावं लागलं. पहिल्या खेपेला ती नापास झाली. रडली नाही, म्हणाली, "आपा, दीन महंमद आलाच नाही गं!" दुसऱ्या खेपेला पास झाली. तो तेव्हाही आला नव्हता.

२०२३ च्या जूनमध्ये २,४०४ पौंड भरून कायमची परवानगी मिळाली. नवरा ब्रिटिश असल्यामुळे नागरिकत्वासाठी आणखी वर्षभर थांबायची गरज नव्हती, पण मागच्या तीन वर्षांत २७० दिवसांहून जास्त आणि शेवटच्या वर्षात ९० दिवसांहून जास्त बाहेर राहिलेलं चालत नाही. अम्मीला भेटायला आली तेव्हा तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर दिवस मोजले होते. अम्मीने ते पाहिलं आणि काही बोलली नाही. नागरिकत्वाच्या अर्जात एका ठिकाणी विचारतात, तुमचा दहशतवादात, युद्धगुन्ह्यांत, वंशसंहारात कधी सहभाग होता का? तिने मला तो भाग वाचून दाखवला. शाळेत मुलांना जेवण वाढणारी बाई ती. आम्ही दोघी हसलो, पण तिने 'नाही'वर खूण करताना तीनदा तपासलं.

सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या कौन्सिलच्या सभागृहात शपथविधी झाला. राजे चार्ल्स यांच्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ देवाचं नाव घेऊन घेता येते किंवा न घेता. आदल्या रात्री तिने विचारलं, कुठली घेऊ? मी म्हटलं, "अल्लाहचं नाव घेऊन बोललीस तर पाळावं लागेल. पाळणार असशील तर घे." तिने नाव घेऊन घेतली.

आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तिने शपथ घेतली तिथेच तिचं भारतीय नागरिकत्व संपलं, त्यासाठी इथे कुणी सही करावी लागली नाही. पुढचं काम पासपोर्ट जमा करून त्यावर रद्दचा शिक्का घेण्याचं, त्याचं प्रमाणपत्र मिळालं की ओसीआय कार्डाचा अर्ज. त्या कार्डावर येता-जाता येतं, हवं तितकं राहता येतं. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. अम्मीला धसका बसला की सातबाऱ्यावरून लेकीचं नाव उडणार. तसं नाही. वारसाहक्काने आलेली जमीन राहते, नवी विकत घ्यायला बंदी आहे. हे मी तिला चार वेळा सांगितलं, पाचव्यांदा तलाठ्याकडून वदवून घेतलं.

त्या अर्जात आणखी एक प्रश्न आहे: तुमचे आईवडील, आजी-आजोबा, पणजोबा कधी पाकिस्तानचे वा बांगलादेशचे नागरिक होते का? असतील तर कार्ड मिळत नाही. आमच्या आजोबांचे सख्खे भाऊ फाळणीनंतर कराचीला गेले. कराचीत आजही कोकणी मुसलमानांची वस्ती आहे. प्रश्न थेट वंशाचा आहे, चुलत्यांचा नाही, त्यामुळे उत्तर 'नाही' असंच होतं. आजोबा बंदरावरून परत फिरले होते म्हणून. ते का परतले, हे घरात आता सांगणारं कुणी उरलेलं नाही.

मी आमच्या भागाची बीएलओ आहे. मतदार यादीचं काम शिक्षकांच्या गळ्यात असतं, हे वाचकांना ठाऊक आहेच. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला धाकटीचं नाव यादीत होतंच. लग्नानंतर थेट परदेशी गेल्यामुळे ते माहेरच्या घरावर राहून गेलं होतं. नाव कमी करायचा नमुना ७ असतो. अब्बांचा मीच भरला होता, कारण: मृत्यू. निवडणूक झाल्यावर धाकटीचा भरायला घेतला. 'कायमचे स्थलांतर' हेही एक कारण त्यात असतं, ते लिहिलं असतं तरी कुणी विचारलं नसतं. पण खरं काय ते मला माहीत होतं. मी 'भारतीय नागरिक नाही' यावर खूण केली आणि खाली सही केली.

या उन्हाळ्यात ती आली. बॅगेतून रद्द झालेला पासपोर्ट काढून अम्मीच्या हातात दिला. त्यावर अब्बांचं नाव अजून 'मोहद', पुढे टिंब. अम्मीने मला पेटी उतरवायला सांगितली.