सालानं घातलेलं पोरगं

माझा आजा सायखेड्याचा येसकर. गोदेला पूर चढो की उतरो, हाळी द्यायची, सांगावा घेऊन पायी पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं. मजुरी म्हणजे दारोदारचे शिळे तुकडे. 1958 च्या कायद्यानं वतन गेलं तेव्हा आजीनं घुंगराची काठी चुलीत घातली. 'वेठ' हा शब्द मला कोशात बघावा लागत नाही.

रान मोकळं झालं की आमच्याकडं मेंढरांचे वाडे उतरतात. खतासाठी शेतकरी मेंढरं बसवतो. एका वाड्यात आठ-नऊ वर्षांचं पोरगं दिसलं. बोली निराळी.

"कुणाचा रं तू?"

"शेटचा."

बापाचं नाव नाही, शेटचं! खोदून विचारलं तेव्हा कळलं. कातकऱ्याचं पोर. बापानं दवाखान्यासाठी उचल घेतली अन् पोर सालानं घातलं. किती फिटले, किती राहिले, त्याला काय ठाऊक!

हे एकट्याचं नाही. 2022 च्या पावसाळ्यात आपल्याच जिल्ह्यात, इगतपुरीच्या उभाडे गावची दहा वर्षांची कातकरी पोरगी अशीच मेंढरांमागं धाडलेली होती. बेशुद्ध अवस्थेत झोपडीपुढं आणून टाकली. दवाखान्यात मेली. मग एकेका पोराचं नाव बाहेर यायला लागलं. भाव काय? थोडे रुपये अन् एखादी मेंढी.

बापाला शिव्या देणारे पुष्कळ भेटतात. मी देत नाही. जमीन नाही, हाताला काम नाही, घरात दुखणं. अशा वेळी दारात पैसे घेऊन उचलवालाच तेवढा येतो. बँक येत नाही. मेंढपाळ तरी कुठला सावकार? तोही पोटासाठी भटकणाराच. पण म्हणून पोर विकत घ्यायचा परवाना त्याला मिळत नाही.

एका कचेरीत गेलो तर साहेब म्हणाले, "आईबापांनी राजीखुशीनं दिलंय." वा रे खुशी! बाबासाहेबांच्या घटनेतलं 23 वं कलम माणसांचा व्यापार आणि वेठबिगार एकाच ओळीत बसवून दोन्ही बंद करतं. 1976 चा वेठबिगार कायदा म्हणतो, असला करार रद्द, कर्जही रद्द. अन् व्यापाराच्या गुन्ह्यात राजीखुशी धरतच नाहीत.

म्हणून कलेक्टरांच्या नावानं अर्ज लिहिला. गड्यांनो, 'बालमजूर' एवढंच लिहून थांबू नका. 'वेठबिगार' हा शब्द घाला, उचलीचा आकडा घाला. चौकशी त्या कायद्याखाली झाली तरच मुक्तीचा दाखला निघतो, अन् त्या दाखल्यावर पुनर्वसनाचे पैसे मिळतात.

वाडा आता नदीपल्याड गेलाय. अर्जाची पोच माझ्या खिशात आहे. उद्या पल्याड जाऊन पोराच्या बापाचं गाव विचारून येतो.