शिकंज्यांची गाडी

सरस लावलेला सांधा कोणासाठी थांबत नाही. थोड्या मिनिटांत तो आवळला गेला नाही, तर सारे श्रम वाया जातात. नानांच्या सुतारशाळेत शिकंजे समोरच्या भिंतीवर टांगलेले असत. गुडघे दुखू लागल्यावर त्यांनी जोडकामच सोडले. "दुसऱ्याच्या पायांवर किती काम करायचे?" म्हणत.

म्हणून मी चाकांची मांडणी केली. उभी आणि अरुंद. एकाच बाजूस शिकंजे अडकवून ढकलताच ती कलंडली. नाना थोडक्यात वाचले. मी शरमेने गप्प होतो. ते एवढेच म्हणाले, "आधी वजन कुठे पडते ते बघ, बाळ."

दुसऱ्या खेपेस दोन चौकटी माथ्याशी जोडून घोड्याच्या शिडीप्रमाणे खाली फाकविल्या. तळ रुंद केला. जड शिकंजे खाली, हलके वर, दोन्ही अंगांस सारखा भार ठेवला. चारांपैकी दोन चाकांना ब्रेक बसविले.

नानांनी गाडी एका हाताने ओढून पाहिली, थांबवून पाहिली. बोलले काहीच नाहीत. त्या वर्षी गणपतीचा चौरंग मात्र त्यांनी एकट्याने जोडला. आज नाना नाहीत. चौरंगाचा सांधा अजून सुटलेला नाही.