चोर्ला घाट आणि दारावरचे आरसे

बेळगावहून गोव्यास उतरणाऱ्या वाटांपैकी तीन वाटा आमच्या वाचकांच्या विशेष परिचयाच्या असतील. आंबोलीची वाट सावंतवाडीवरून जाते; अनमोडची वाट खानापूर व लोंढा मागे टाकून मोले गावाकडे उतरते; आणि चोर्ल्याची वाट जांबोटी, कणकुंबी करीत सत्तरी महालातील केरी येथे गोव्याच्या भूमीस लागते. या तिन्हींत चोर्ल्याची वाट अधिक वळणांची, अधिक एकांताची आणि आमच्या मते सर्वांत रमणीय. गेल्या फेब्रुवारीत या वाटेने एका जुन्या मोटारीतून जाण्याचा योग आम्हांस आला. त्या प्रवासाचा वृत्तान्त येथे सादर करीत आहोत.

मोटार होती १९८४ सालची अ‍ॅम्बॅसॅडर. विलायतेतील मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीच्या तिसऱ्या आवृत्तीवरून घडविलेली ही गाडी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होत असे. आमचे स्नेही एक निवृत्त शिक्षक आहेत. सारा गाव त्यांस मास्तर म्हणून ओळखतो. गाडी त्यांच्या दिवंगत वडिलांनी घेतलेली. दर मे महिन्यात वडील कुटुंबास घेऊन याच गाडीने बार्देशात, म्हणजे मास्तरांच्या मातोश्रींच्या माहेरी, जात असत. वडिलांच्या पश्चात गाडी कित्येक वर्षे शेडमध्ये धूळ खात पडली होती. पुढे मास्तरांनी पेन्शनीतून पैसा बाजूला टाकून अकरा महिन्यांत तिचे इंजिन, ब्रेक, गाद्या आणि रंग सारे नवे करून घेतले. ८२ वर्षांच्या आजींची एकच इच्छा होती: नातलगांकडील लग्नाच्या रोसाला आपण याच गाडीतून जावे.

येथे एक गोष्ट सांगणे उपयुक्त ठरेल. २०२१ साली केंद्र शासनाने जुन्या ऐतिहासिक वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीस ५० वर्षे उलटून गेलेल्या व मूळ स्वरूपात राखलेल्या खासगी गाडीस त्यांनुसार स्वतंत्र नोंदणी मिळते. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. मास्तरांची गाडी त्या वयाची नसल्याने ती नेहमीच्या नोंदणीवरच चालते आणि म्हणूनच लग्नकार्याला नेता येते.

पिरनवाडी सोडून जांबोटीच्या रस्त्याला लागताच उन्हे कोवळी झाली. दोन्ही बाजूंस भाताची कापलेली शेते, मधूनमधून काजूची झाडे आणि दूरवर सह्याद्रीची निळसर रांग. आजी मागच्या आसनावर जपमाळ हातात धरून खिडकीतून पाहत होत्या. परंतु मास्तरांचे चित्त स्वस्थ नव्हते. उजव्या दारावरचा आरसा दर खड्ड्यागणिक थोडी थोडी मान खाली घाली. मास्तर खिडकीतून हात बाहेर काढून तो वर करीत, आणि पुढील खड्ड्यात तो पुन्हा झुके. बेळगावात एकाने त्याभोवती चिकटपट्टी गुंडाळून दिली होती. तीही एव्हाना सुटून वाऱ्यावर फडफडत होती.

कुसमळीच्या अलीकडे पुढे उसाने भरलेला एक ट्रॅक्टर संथपणे चालला होता. मास्तरांनी त्यास ओलांडण्याच्या विचाराने आरशात पाहिले. आरशात रस्ता नव्हताच; होते ते केवळ आकाश. गाडी किंचित उजवीकडे सरकली, त्याच क्षणी मागून कर्कश भोंगा वाजला आणि दुधाच्या किटल्या लावलेली एक मोटारसायकल हातभर अंतरावरून निघून गेली. कोणासही इजा झाली नाही. दूधवाल्याने मागे वळून चार शब्द सुनावले. ते ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. गाडीत कोणी काही बोलेना. थोड्या वेळाने आजीच म्हणाल्या, "अरे, मागचं दिसत नाही तर पुढं जायची घाई कशाला? कुठंतरी थांब आणि ते नीट करून घे."

"आई, संध्याकाळी रोस आहे. घाट उतरायला वेळ लागेल," मास्तर म्हणाले.

"नारळाचा रस काही पळून जात नाही," आजी उत्तरल्या.

जांबोटीस रस्त्याकडेला वेल्डिंगचे एक लहान दुकान दिसले. नांगराचे फाळ, ट्रॉलीचे आकडे, फाटकांच्या सळ्या अशा कामांत तेथील कारागीर गुंतलेला होता. तिशीचा तरुण. त्याने आरशाची बैठक एका हाताने व डोके दुसऱ्या हाताने धरले, दोन्ही आळीपाळीने हलवून पाहिली आणि म्हणाला, "मास्तर, आरसा ढिला न्हाई. त्याच्या खालचा पत्रा ढिला झालाय. वरनं कितीबी आवळा, नुसती पुट्टी दाबली जातीया."

त्याचे म्हणणे आम्ही येथे विस्ताराने देतो, कारण अनेक घरी जुन्या गाड्या आहेत. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांना दारावरचे आरसे कारखान्यातून येत नसत; मालक ते बाजारातून आणून बसवून घेत. बसविताना दाराच्या पत्र्यास दोन भोके पाडून त्यांत पत्र्याचे स्क्रू पिळले जात. पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ. त्याला स्क्रूचे एखाददुसरे आटेच धरून ठेवणार. शिवाय दार दररोज आपटले जाते. भोके रुंदावतात, कडांना गंज धरतो. गाडी नव्याने रंगविताना अशा जागी पुट्टीचा थर दिला की वरून सारे गुळगुळीत दिसते. परंतु स्क्रू त्या ठिसूळ थरावर टेकतो आणि थर चुरला की पुन्हा सैल पडतो. मास्तरांच्या गाडीस नेमके हेच झाले होते.

कारागिराने दाराची काच पूर्ण वर करावयास सांगितली, काच फिरविण्याचे हँडल काढले आणि दाराचे आतले आवरण क्लिपा न मोडता सावकाश सोडविले. बैठकीखालची पुट्टी खरवडून काढली, गंज कानशीने व पॉलिश पेपरने घासला आणि त्यावर गंजरोधक रंगाचा हात दिला. तो वाळेपर्यंत त्याने भंगारातून तीन मिलिमीटर जाडीची एक पट्टी तळहाताएवढी कापली, तीस दोन भोके पाडून आटे कापले व तीही रंगविली. ही पट्टी पत्र्याच्या आतील बाजूस बसली. आता ओझे दोन लहान भोकांच्या कडांवर न राहता रुंद भागावर विभागले गेले. बैठकीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा मापाने कापून घातला, जेणेकरून पाणी आत शिरू नये व धक्काही शोषला जावा. मग स्प्रिंग वॉशर घालून मशीनचे स्क्रू आवळले. स्क्रू लांब ठेवू नयेत, नाहीतर खाली उतरणारी काच त्यांवर घासून ओरखडते, हेही त्याने काच खालीवर करून दाखविले.

डावा आरसा ठीक आहे, तो राहू द्यावा, असे मास्तरांचे म्हणणे पडले. कारागिराने तोही हलवून पाहिला. त्याची बैठक पक्की होती. सैल होता तो डोक्याचा गोळा, ज्यावर आरसा फिरतो. तेथे कोणीतरी तेल सोडले होते. तेलाने गोळा अधिकच घसरतो. त्याने तो रॉकेलने धुऊन कोरडा केला, गोळ्याभोवती पॉलिश पेपरची अरुंद पट्टी घातली आणि बाजूचा स्क्रू आवळला. एकाच गाडीच्या दोन आरशांचे दोन वेगळे रोग आणि दोन वेगळे उपाय. शेवटी दाराच्या तळाशी असलेली पाणी जाण्याची छिद्रे त्याने तारेने मोकळी केली. ती चिखलाने बुजली की पावसाचे पाणी दारात साचते आणि दार आतून कुजते.

सारे काम आटोपण्यास अडीच तास लागले. निघताना तो म्हणाला, "गोव्याला पोचलासा की उद्या सकाळी स्क्रू येकदा बघा. नवीन रबर बसतंय, मग जरा ढिलं पडतंय."

जांबोटीनंतर अरण्य दाट होत गेले. कणकुंबी येथे माउलीच्या मंदिरापाशी मलप्रभा उगम पावते. ही नदी येथून पूर्वेकडे वाहत जाऊन कुडलसंगम येथे कृष्णेस मिळते. म्हादई याच खानापूर तालुक्यात जन्मते, परंतु ती पश्चिमेची वाट धरून गोव्यात मांडवी होते व पणजीजवळ सागरास मिळते. दोन्ही एकाच डोंगराच्या लेकी, आणि एक पूर्वेला नांदते, दुसरी पश्चिमेला. आजींनी आमच्याकडून हे ऐकले आणि म्हणाल्या, "मी उलटी. समुद्राकडची, ती घाट चढून वर आले."

चोर्ल्यापाशी कर्नाटक, महाराष्ट्र व गोवा यांच्या सीमा जवळ येतात. तेथून उतार सुरू होतो. वळणावळणावर मागून मालट्रक येत होते. मास्तर आरशात पाहून योग्य जागी बाजू देत होते आणि आरसे जागचे हलत नव्हते. आम्ही मात्र एक गोष्ट ध्यानात आणून दिली: हे आरसे किंचित फुगीर असतात, त्यामुळे रस्ता जास्त दिसतो, परंतु मागचे वाहन लहान व दूर भासते. आरशात दूर दिसणारे वाहन प्रत्यक्षात पाठीशी आलेले असू शकते. खाली अंजुणे धरणाचे पाणी उन्हात चकाकताना दिसले, तेव्हा आजींनी गाडी थांबवावयास लावली. पूर्वी त्यांचे यजमान येथेच थांबत आणि थर्मासमधला चहा सर्वांना देत. त्या दिवशी चहा मास्तरांच्या पत्नीने ओतला.

केरी, साखळी, डिचोली करीत दिवेलागणीच्या सुमारास आम्ही बार्देशात पोहोचलो. नारळाच्या रसाचे भांडे नुकतेच बाहेर आणले जात होते. आजींच्या हस्ते पहिला रस लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर अंगणात पान्हा घेऊन उभे होते. उजवीकडील दोन्ही स्क्रू पाव फेरा फिरले. डावीकडचा मुळीच हलला नाही.