उद्यानाचे बजेट आणि आमच्या सायकली

सरकारी खर्चाला कात्री लागली की घरोघरी आधी विचार होतो तो शाळेच्या फीचा, दवाखान्याचा, बसच्या तिकिटाचा. उद्यानाची आठवण सगळ्यात शेवटी येते. 2011 साली कॅलिफोर्नियात झालेली कपात मात्र थेट आमच्या घरात आली, आणि ती आली मुलांच्या सायकलींच्या वाटेने.

आम्ही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. घर सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेला, रिचमंड शहरात. तेव्हा थोरला तेरा वर्षांचा होता, धाकटी दहाची. दोघांनाही माउंटन बाइकिंगचे वेड. जाड टायरच्या, दणके सोसणाऱ्या सायकलीवर बसून डोंगरातल्या मातीच्या वाटांनी जायचे, असा हा खेळ. तो वाढला आमच्यापासून पुलापलीकडे असलेल्या मरीन काउंटीत. 1970 च्या दशकात तिथले तरुण जुन्या, जड सायकली डोंगरउतारांवरून पळवत. 1976 पासून त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. उतारावर ब्रेक इतके तापत की मागच्या चाकातले ग्रीस जळून जाई आणि फेरी संपली की ते नव्याने भरावे लागे. म्हणून त्या शर्यतीचे नावच ‘रिपॅक’ पडले.

गंमत अशी की खेळ जिथे वाढला तिथेच सायकलींना जागा थोडी. राज्याच्या बहुतेक उद्यानांत त्यांना रुंद कच्च्या रस्त्यांवरच परवानगी असते. अरुंद पायवाटा चालणाऱ्यांसाठी आणि घोडेस्वारांसाठी. सॅन राफेल शहराच्या कडेचे चायना कॅम्प उद्यान हा त्याला अपवाद. तिथल्या पायवाटांवर सायकली चालतात. ओक आणि बे लॉरेलच्या सावलीतून वाट वळणे घेत जाते आणि खाली सॅन पाब्लो उपसागराचे पाणी चमकत असते. एकोणिसाव्या शतकात इथे चिनी कोळ्यांची वस्ती होती. ते कोळंबी पकडून, वाळवून परदेशी पाठवत. कोकणातल्या माणसाला तेवढे ऐकले तरी सोड्यांचा वास येतो.

शनिवारी सकाळी डबा बांधायचा, सायकली गाडीच्या मागे अडकवायच्या आणि पूल ओलांडायचा, कारण त्या पुलावर तेव्हा सायकलींना रस्ताच नव्हता. आमच्या बेताच्या कमाईत परवडणारी हीच एक सहल होती. मुलांना मोटारींच्या रस्त्यावर सोडण्याची भीतीही नव्हती.

मे 2011 मध्ये यादी जाहीर झाली. राज्याच्या 278 उद्यानांपैकी 70 बंद होणार, मुदत 1 जुलै 2012. दोन वर्षांत 2 कोटी 20 लाख डॉलरची कपात करायची होती. यादीत चायना कॅम्प होते. सांता रोझाजवळचे ॲनाडेल होते, दक्षिणेकडचे हेन्री कोही होते. तिन्ही सायकलवाल्यांची आवडती ठिकाणे. त्याआधी नोव्हेंबर 2010 मध्ये मतदारांपुढे एक प्रस्ताव आला होता. वाहन नोंदणीवर वर्षाला 18 डॉलर जास्त द्यायचे आणि त्या पैशातून उद्याने चालवायची, असा. मतदारांनी तो नाकारला. मंदीचा काळ होता. लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. नाकारणाऱ्यांना दोष देणे सोपे नाही.

थोरल्याने आम्हाला विचारले, “बंद म्हणजे काय? डोंगराला कुलूप कसं लावणार?” प्रश्न बरोबर होता. कुलूप लागते ते फाटकाला. मोटारी अडतात, सायकली कुठूनही आत शिरतात. पण आत रेंजर नाही, शौचालय उघडे नाही, पडलेले झाड कापणारा कोणी नाही. वळणावर कोणी पडून हात मोडला तर मदतीला कोण येणार? आणि जे नियम पाळणारे आहेत, ते उरलेल्या मोजक्या जागी गर्दी करणार. मग तिथे चालणारे आणि सायकलवाले यांच्यातली जुनी कुरबुर पुन्हा पेटणार.

त्या हिवाळ्यात अब्बा गावाहून आमच्याकडे आले होते. त्यांना सायकलींचे कौतुक नव्हते, पण वाट त्यांनी बारकाईने पाहिली. पावसाचे पाणी वाटेवरूनच वाहत गेल्याने मधोमध चर पडला होता. अब्बा म्हणाले, “आपल्या पाखाडीचंही असंच होतं. पाण्याला बाजूने वाट काढून दिली नाही, तर ते आपलीच वाट खातं.” गावात पावसाळ्यापूर्वी घरटी एक माणूस पाखाडीवर जायचा, निखळलेला चिरा बसवायचा, गटार मोकळे करायचा, हे त्यांनी मुलांना सांगितले. वाट दुरुस्त करणाऱ्या इथल्या स्वयंसेवकांनीही आम्हाला नेमके तेच शिकवले. वाटेला दरीच्या बाजूने किंचित उतार द्यायचा, ठरावीक अंतरावर खोलगट भाग करून पाणी बाहेर काढायचे, आणि पाऊस पडून गेल्यावर माती सुकेपर्यंत सायकल न्यायची नाही. ओल्या मातीत चाकाचा माग उठला की पुढचे पाणी त्यातूनच धावते.

मग आम्हीही जाऊ लागलो. थोरला कुदळ चालवायचा, धाकटी पाणी निघण्याच्या जागेत साचलेला पाचोळा ओढायची. चालणारे, घोडेवाले, सायकलवाले सगळे एकाच रांगेत वाकून काम करत. एरवी एकमेकांविरुद्ध तक्रारी करणारी ही माणसे त्या दिवशी एकमेकांना पाणी देत होती. मुलांनी ते पाहिले, याचा आम्हाला फार आनंद झाला.

दरम्यान 2011 मध्येच एक कायदा झाला होता. बंद होणारी उद्याने बिगरनफा संस्थांना चालवायला देण्याची मुभा त्याने दिली. चायना कॅम्पची जबाबदारी ‘फ्रेंड्स ऑफ चायना कॅम्प’ या स्थानिक मंडळींनी घेतली. ॲनाडेल सोनोमा काउंटीने सांभाळायला घेतले. हेन्री कोसाठी देणगीदार पुढे आले. 1 जुलै 2012 आला आणि गेला, यादीतली जवळजवळ सगळी उद्याने उघडीच राहिली.

त्याच महिन्यात आणखी एक बातमी फुटली. उद्यान विभागाच्या एका निधीत सुमारे 2 कोटी डॉलर कित्येक वर्षे वित्त खात्याला न कळवता पडून होते. विभागाच्या संचालकांनी राजीनामा दिला. पुढे विधिमंडळाने दोन वर्षे एकही उद्यान बंद न करण्याचा कायदा केला. पण ज्यांनी डबे फिरवून, केक विकून पै पै जमवली होती, त्यांच्या मनाला काय वाटले असेल! लोकांचा पैसा ही अमानत असते. तिचा हिशोब उघडा नसेल तर पुढच्या वेळी लोक मदतीला हात आखडता घेतात.

उद्यान वाचले, तरी आमच्या मनात एक गोष्ट राहिली. आता मोटारीला पार्किंग फी होतीच, पण पायी आणि सायकलने येणाऱ्यालाही माणशी फी लागू झाली. रक्कम छोटी होती. आम्ही वर्षाचा पास घेतला. पण सॅन राफेलमध्येच मध्य अमेरिकेतून आलेल्या मजुरांची मोठी वस्ती आहे. चार मुलांना घेऊन येणाऱ्या आईला ती छोटी फी छोटी नसते. शिवाय मरीन हा श्रीमंत भाग आहे. इथे देणगी देणारे आहेत, वकील आहेत, शनिवार मोकळा असलेली माणसे आहेत. ज्या उद्यानाच्या आसपास असे शेजारी नाहीत, त्याने काय करायचे? राज्याच्या उद्यानांची रखडलेली दुरुस्ती तेव्हाच एक अब्ज डॉलरच्या वर गेली होती. एवढे काम कुदळी घेऊन आलेल्या कुटुंबांकडून होणारे नाही.

म्हणून आम्ही घरात दोन कामे ठरवून घेतली. शनिवारी जमेल तेव्हा वाटेवर जायचे, ते आनंदाने, कारण वाट आपण वापरतो. आणि दरवर्षी राज्याचे बजेट मांडले जाण्याच्या सुमारास आपल्या आमदाराला पत्र लिहायचे, की स्वयंसेवकांचे काम हे सरकारच्या कामाला जोड आहे, त्याच्या बदल्यात नाही. पहिले पत्र आम्ही लिहिले. दुसरे धाकटीने स्वतः लिहिले. त्यात तिने विचारले होते की तिच्या वर्गातल्या ज्या मैत्रिणीकडे गाडी नाही आणि फीचे पैसेही नाहीत, तिने सायकल कुठे चालवायची.