मालकी निजामाची, वहिवाट साहेबाची

केळापूर, सोमवार

ती. आबांस,


जगदंबेचं दर्शन झालं, आईला सांगा. तालुका केळापूर, पण तहसील कचेरी पांढरकवड्यात. चहावाल्याला विचारलं तर म्हणाला, "नाव केळापूरचं, अन् काम सारं पांढरकवड्याले!" रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, बोरीच्या काट्यांना कापसाचे पुंजके लटकलेले.

तुम्ही जन्मभर सातबारे चाळलेत, म्हणून तुम्हालाच लिहितो. हा सगळा वऱ्हाडचा मुलूख म्हणजे मालकी एकाची, वहिवाट दुसऱ्याची असलेलं शेत होतं. १८०३ साली देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. अडगावला आणि गाविलगडावर लढाई मारली इंग्रजांनी, पण मुलूख दोस्त म्हणून निजामाच्या पदरात पडला. पुढे शेवटचा पेशवा बाजीराव इंग्रजांपुढे पळत इथवर आला. १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याजवळ शिवणीला कर्नल अॅडम्सने त्याला गाठून त्याची फौज उधळली.

पेशव्याशी युद्ध संपलं, पण निजामाच्या नावावरची हैदराबाद कंटिंजंट ही फौज उठली नाही. तिचे अंमलदार इंग्रज, हुकूम हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटचा आणि पगार निजामाच्या तिजोरीतून! पगार थकला की ईस्ट इंडिया कंपनी तो आपल्या खजिन्यातून द्यायची आणि निजामाच्या नावे मांडायची. शांततेच्या काळात ही फौज पोसायला निजाम तहाने बांधलेला नाही, हे खुद्द गव्हर्नर जनरल डलहौसीनेही मान्य केलं होतं. तरी १८५३ साली त्याच खर्चापोटी वऱ्हाड लिहून घेतलंच. दोस्ताकडून अशी वसुली सावकारालाही जमली नसती.

पाटणबोरी, मंगळवार

आबा,

इथून पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगण. बाजारात एकाच तोंडून तेलुगू आणि वऱ्हाडी ऐकू येते.

कालचं अर्धं राहिलं होतं. निजामाचे दिवाण सालारजंग १८७६ साली विलायतेला जाऊन आले. वऱ्हाड परत मिळावं हा त्यांचा ध्यास. पण हात हलवत परतले. कापसाचा असा मुलूख कोण सोडतो? १९०२ साली व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला पंचवीस लाखांवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला. सार्वभौमत्व कागदावर निजामाचंच.

खरी मौज पुढे. पहिल्या महायुद्धात पैसा आणि माणसं दिली म्हणून १९१८ साली निजाम उस्मान अलीला 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त' असा किताब मिळाला. त्याने तो खरा मानला! १९२३ साली त्याने व्हाइसरॉय रीडिंगकडे वऱ्हाड परत मागितलं, तेही बरोबरीच्या नात्याने. मार्च १९२६ मध्ये रीडिंगचं उत्तर गेलं: हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे, कुणा संस्थानिकाने तिच्याशी बरोबरीने वाटाघाट करण्याचा हक्क सांगू नये.

मला निजामाची कीव येत नाही. त्यालाही हा मुलूख दुसऱ्यांनी मारलेल्या लढाईतूनच मिळाला होता. आणि सव्वाशे वर्षांच्या या पत्रव्यवहारात वऱ्हाडच्या कुणब्याला, कोलामाला, गोंडाला कोणी काही विचारल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

शेवट १९३६ च्या कराराने झाला. निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला आणि वऱ्हाडचा कारभार पूर्वीसारखाच नागपुरातून चालू राहिला.

तुमचा,
सुधीर