दिल्लीचे फाल्गुनी आकाश

वाचकहो, फाल्गुनात दिल्लीस येणे झाले, तर पाहावयाच्या स्थळांत आकाशाचीही गणना करावी. कुतुबमिनार आणि लाल किल्ला बारा महिने जागच्या जागी असतात. हे आकाश मात्र थोड्या दिवसांचे पाहुणे असते.

हिवाळाभर या शहरावर धूर आणि धुके यांचे करडे छत असते. वारा मंद, जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार हवेखाली कोंडलेली, मग धुराने जावे कोठे? फेब्रुवारीच्या मध्यास ऊन वाढते, वारा सुटतो आणि ते छत विरळ होऊ लागते. याच सुमारास भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेली वादळे इराण व अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाकडे येत असतात. हवामानशास्त्रात त्यांना 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतात. भाषांतरावर पोट असलेल्या माझ्यासारख्याला हे नाव जरा रागीट वाटते, कारण त्यांची पहिली चाहूल फार कोमल असते. पिंजलेल्या कापसासारखे ढग अतिशय उंचावर दिसतात; मागोमाग एक पातळ पांढरा पडदा पसरतो. तो बर्फाच्या षट्कोनी स्फटिकांचा असतो. त्यांतून चंद्रप्रकाश वळतो आणि चंद्राला खळे पडते. हात लांब करून वीत ताणावी व अंगठा चंद्रावर धरावा. करंगळी जवळजवळ त्या कड्याला टेकते. पौर्णिमेच्या संध्याकाळी विजय चौकात उभे राहून पूर्वेस, इंडिया गेटकडे, पाहावे. नशिबात असेल तर हे खळे तेथे दिसेल.

पुष्कळदा एकदोन दिवसांत पाऊस येतो, आणि तो सरला की धुतलेले निळे आकाश उरते. (गारठाही परततो, स्वेटर जवळ असावा.) त्या निळाईवर काटेसावर पाहावी. इकडे तिला सेमल म्हणतात. फांदीवर एक पान नाही, नुसते लालभडक पेले, आणि त्यांतल्या मधासाठी साळुंक्या, कावळे व खारी यांची झुंबड. पिलखनाला तांबूस पालवी फुटते. कडुनिंबाचे तर नवल असे, की पानगळ आणि पालवी थोड्याफार अंतराने एकाच महिन्यात. झाडूवाल्यांचे ढीग पाहून नवख्या मराठी माणसाला हा शिशिर की वसंत, हे कळेनासे होते. राष्ट्रपती भवनातील बाग, 2023 पासूनचे अमृत उद्यान, याच दिवसांत लोकांना खुली असते. ट्यूलिप सुंदर खरेच. पण रांगेत उभे राहण्याचा कंटाळा असणाऱ्याने खुशाल रस्त्याकडेची झाडे पाहावीत.

मात्र नजफगढच्या बाजूस शहर संपून गव्हाची शेते लागतात, तेथे या आकाशाकडे निराळ्या दृष्टीने पाहतात. खळे म्हणजे मळणीची जागाही, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. पौष-माघातला पाऊस गव्हाला अमृतासारखा. तोच फाल्गुनात गारांसह आला, तर भरल्या ओंब्या आडव्या होतात. 2015 च्या मार्चात उत्तर भारतात तसेच झाले. 2022 मध्ये उलट घडले: पाऊस आलाच नाही म्हणावे इतका थोडा, आणि 1901 पासूनच्या नोंदींतला देशातील सर्वांत उष्ण मार्च. दाणे बारीक राहिले, आणि मे महिन्यात सरकारने गव्हाची निर्यात थांबवली. शहरात आम्ही त्या वर्षी वसंत फार लवकर संपला, एवढीच तक्रार करीत होतो.

गव्हाची कापणी बैसाखीच्या सुमारास सुरू होते. तोवर तेथील शेतकरी रोज संध्याकाळी पश्चिमेकडे पाहून मगच घरात जातो.