रिकामा डबा



आज माझ्याच एका चुकीबद्दल लिहिते आहे.

माझी मुलगी अकरावीला आहे, नीटची तयारी करते. लातुरात याचा अर्थ सांगायला नको. नव्वदच्या दशकात राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांमुळे ‘लातूर पॅटर्न’ गाजला. जादा तास, पुन्हा पुन्हा चाचण्या. आज नांदेड, परभणी, बीडकडची मुलंसुद्धा इथे होस्टेलला राहून शिकतात. हिचं सकाळी कॉलेज, दुपारपासून क्लास, तो सुटतो रात्री आठला. डिसेंबरात दिवस मावळतो पावणेसहाच्या सुमारास. मग रात्रिभोजनाचा नियम कसा पाळायचा? मी रोज पाच वाजता स्कूटीवर डबा घेऊन ट्यूशन एरियात हजर. रात्री डबा उघडून बघायचा. रिकामा दिसला की माझा जीव भांड्यात पडायचा.

एका सुट्टीच्या दिवशी तिची होस्टेलवरची मैत्रीण जेवायला आली. म्हणाली, “काकू, तुमच्या डब्यातली दोडक्याची भाजी मला फार आवडते. मेसचं खाऊन कंटाळा येतो हो.”

माझी पोळी तव्यावरच करपली.

मैत्रीण गेल्यावर मी लेकीला विचारलं. ती आधी गप्पच. मग म्हणाली, “मम्मी, पाच वाजता मला भूकच नसते. आठ वाजता मुलींबरोबर पोहे खाते. कांदा बाजूला काढते. तुला सांगितलं असतं तर तू रडली असतीस.”

आणि मी रडलेच! नियम मोडला याचं दुःख होतंच. पण तीन महिने माझी लेक माझ्याशी खोटं वागली, हे जास्त लागलं.

त्याच आठवड्यात मंदिरात स्वाध्यायाला श्रावकाच्या अकरा प्रतिमा वाचायला होत्या. रात्रिभुक्तित्याग सहावी. म्हणजे आपल्या आचार्यांनीही पायऱ्या केल्या आहेत, सगळं एकाच दिवशी मागितलेलं नाही. दहावी अनुमतित्याग. घरच्या व्यवहारात ‘हे कर, ते करू नको’ असं सांगणंही सोडायचं. इतकी वर्षं ऐकत होते, त्या दिवशी कानाला लागलं. उपवास मी करते, पण हुकूम सोडणं मला कधी जमलं?

२०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, तेव्हा ही सात वर्षांची होती. गाळलेलं पाणी तांब्याने मोजून द्यायचं काम तिच्याकडे होतं. एक तांब्या वाया गेला नाही. तेव्हा विश्वास टाकला आणि सोळाव्या वर्षी मी तिचा डबा तपासत होते.

आम्ही दोघी बसून बोललो. मी माझ्याकडे तीनच गोष्टी ठेवल्या: रात्री साडेनऊच्या आत घरी, झोपताना फोन हॉलमध्ये, आणि काही झालं तरी खरं सांगायचं. सोळाव्या वर्षी एवढा धाक हवाच. क्लासच्या दिवशी काय खायचं, कधी खायचं, नियम कोणता घ्यायचा, हे तिने ठरवायचं. ती विचार करून म्हणाली, “अष्टमी-चतुर्दशीला रात्री खाणार नाही. बाकीचं बारावीनंतर बघू.”

मला कमी वाटलं. जीभ चावून गप्प बसले. सासूबाई मात्र म्हणाल्या, “तिने स्वतः घेतलाय ना, मग टिकेल.”

आता पाचचा डबा बंद आहे. अष्टमी-चतुर्दशीला ती स्वतःच सकाळी डबा भरून नेते. मागच्या चतुर्दशीला रात्री घरी आली, चपला काढतानाच म्हणाली, “मम्मी, आज चाचणी लांबली. भूक लागली होती, खाल्लं. चुकलं.”

मी रागावले नाही. “पुढच्या वेळी बघू,” म्हणाले आणि पाणी दिलं. तिची चूक मला तिच्याच तोंडून कळली, याचं मात्र रात्री झोपताना फार बरं वाटलं.

मैत्रिणींनो, आपली दहावी प्रतिमा फार लांब आहे. माझी तर पहिलीही धड नाही. पण लेकराचा एखादा निर्णय त्याच्या हाती देऊन बघा. आपल्याला थोडं कमी वाटलं तरी.

जय जिनेंद्र.